मांडवा ते विजयदुर्ग सायकलने : सात दिवस, चार फेरीबोटी आणि वाटेतली गावं

दिवाळी झाली की रेवदंडा, श्रीवर्धन, दापोली, गुहागरच्या रस्त्यांवर डोक्याला हेल्मेट आणि मागे दोन पिशव्या लावलेले सायकलवाले दिसायला लागतात. कोणी मुंबईचे, कोणी पुण्या-नाशिकचे, मधूनच एखादा परदेशी. "गाडी असताना सायकल कशाला दामटायची?" असं चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारतंच. पण किनाऱ्याच्या गावांसाठी हा पाहुणा वेगळा आहे. गाडीवाला सकाळी पनवेलहून निघून दुपारी गणपतीपुळ्यात जेवतो आणि वाटेतल्या चाळीस गावांची नावंही त्याला कळत नाहीत. सायकलवाल्याला तेवढ्याच वाटेला पाच दिवस लागतात. त्याला दर दहा-पंधरा किलोमीटरवर पाणी, चहा, केळी लागतात आणि रात्री कुठल्या तरी गावातच झोपावं लागतं.

हा रस्ता कसा जातो, कुठे थांबायचं, वाटेत काय बघायचं आणि वाटेतल्या गावाने काय तयारी ठेवायची, याची ही माहिती. आपल्याच तालुक्यातला रस्ता असला तरी पुढच्या तीन तालुक्यांत तो कुठून जातो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

रस्ता कोणता?

कागदावर याचं नाव रेवस–रेड्डी सागरी महामार्ग. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानापासून (१९८०–८२) या रस्त्याची चर्चा आहे. महामार्ग म्हटलं तरी कित्येक ठिकाणी समोरून एसटी आली तर सायकल साईडपट्टीवर घ्यावी लागते, इतका तो अरुंद आहे. मुंबई–गोवा महामार्ग वेगळा. तो आतून जातो, त्यावर अवजड वाहनं असतात, सायकलच्या सहलीला तो कामाचा नाही.

मांडवा ते विजयदुर्ग हे अंतर वाटेतले फाटे धरून साधारण साडेचारशे किलोमीटर होतं. म्हणजे दिवसाला सरासरी साठ-पासष्ट. आकडा ऐकायला लहान वाटतो, आणि इथेच नवखे फसतात. कोकणचा किनारा सपाट नाही. खाडी आली की रस्ता समुद्राच्या पातळीला उतरतो, खाडी ओलांडली की पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो, पुढच्या खाडीला पुन्हा उतार. असं दिवसातून तीन-चार वेळा होतं. देशावरच्या सपाट रस्त्यावरचे शंभर आणि इथले साठ सारखेच दमवतात. गिअरची सायकल असेल तर बरं. साध्या सायकलने कोणी जात नाही असं नाही, पण चढावर उतरून ढकलायची तयारी हवी.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून सड्यावर ऊन भाजून काढतं. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या नेहमीच्या लाँच बंद असतात, घाटवळणावर दरडी येतात आणि शेवाळलेल्या उतारावर ब्रेक लागत नाही. पावसात हौस म्हणून एक-दोन दिवस ठीक, आठवडाभर नाही.

खाड्या आणि फेरीबोटी

या प्रवासाचं गणित किलोमीटरवर नाही, खाडीवर बसतं. मोठ्या चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या असतात, लोक त्याला जंगलजेट्टी म्हणतात. आगरदांडा ते दिघी (राजपुरी खाडी), बागमांडला ते वेसवी (सावित्री, म्हणजे बाणकोटची खाडी), दाभोळ ते धोपावे (वाशिष्ठी) आणि तवसाळ ते जयगड (शास्त्री). सायकल बोटीत सहज चढते. दाभोळची फेरीबोट २००३ साली सुरू झाली. त्याआधी पलीकडचं गुहागर समोर दिसत असूनही गाडी घेऊन चिपळूणवरून फिरून यावं लागे.

एक फेरी चुकली तर अर्धा-पाऊण तास, कधी जास्त. शेवटची फेरी चुकली तर रात्र त्याच काठावर. म्हणून सकाळी निघतानाच जेट्टीवर कोणाला तरी फोन करून बोट चालू आहे का हे विचारून घ्यावं. यात गुगल मॅपवर विसंबू नये. तो कधी बंद बोट चालू दाखवतो, कधी चालू बोट विसरून शंभर किलोमीटरचा वळसा सुचवतो. बोट खरंच बंद असेल तर बागमांडल्याला पर्याय आंबेत–म्हाप्रळचा आणि तवसाळला राई–भातगाव पुलाचा. दोन्हीकडे अर्ध्या दिवसाची भर पडते. दाभोळला मात्र जवळचा पर्याय नाही.

यातल्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. बाणकोटच्या खाडीवरच्या पुलाचं काम मागे सुरू होऊन वर्षानुवर्षं रखडलं, ते या भागात सगळ्यांना माहीत आहे. पूल व्हायलाच हवेत. रात्री बारा वाजता पेशंट घेऊन निघालेल्या माणसाला, पलीकडच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरांना, मासळीच्या टेम्पोला पूल लागतोच. पण बोटीच्या वाट बघण्यावर चहा, वडापाव, कोकम सरबत विकणाऱ्यांचं घर चालतं हेही तितकंच खरं. पूल झाला की गाडी त्यांच्या दारातून सुसाट जाणार. तेव्हा थांबणारा कोण उरेल याचा विचार जेट्टीवरच्या दुकानदारांनी आतापासून केलेला बरा. सायकलवाला पुलावरूनही दमूनच येतो.

पहिला दिवस : मांडवा ते मुरुड, सुमारे ७० किमी

मुंबईहून येणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, ती २०२० साली सुरू झाली. तीत गाड्यांबरोबर सायकलही येते. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत बघता येतो. सायकल किनाऱ्यावर लावून जावं, वाळूतून ओढत नेऊ नये. खारं पाणी साखळीत गेलं की दुसऱ्या दिवशी करकर सुरू. ओहोटी केव्हा, हे मोबाईलवर मिळतंच, पण कोळीवाड्यातला हिशेब अजून चालतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहा पाऊणे साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, साडेदहाला, ओहोटी. पाच-पंधरा मिनिटांचा फरक पडतो, पण पाय भिजायचे की कमरेपर्यंत भिजायचं हे त्यावरून कळतं. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० साली, सुरू झालं. पुढे आंग्र्यांचं आरमार इथून हाललं. कान्होजी आंग्रे यांची समाधी गावातच आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ ची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतली नोंद बिघडणार, म्हणून ती इकडे आणली.

पुढे चौल–रेवदंडा. नारळी-पोफळीच्या सावलीतला हा पट्टा सगळ्या प्रवासातला सर्वात आरामाचा. चौल बंदराचा उल्लेख दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात सापडतो. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा विकायला याच बंदरात उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्याला आहे. पोर्तुगीजांचा आगरकोट रेवदंड्यातच.

साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला पोर्तुगीजांचा, ते ठीक, पण खरी नवलाई पायथ्याच्या गावात. इथले ख्रिस्ती कुटुंबातले लोक घरात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली स्वतःची बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणजे आपली भाषा म्हणतात. पोर्तुगीज जाऊन अडीचशेपेक्षा जास्त वर्षं झाली, राज्यं बदलली, भाषा राहिली. चहा प्यायला थांबलेल्याला दुकानात ती कानावर पडू शकते, गाडीच्या काचा वर करून जाणाऱ्याला नाही.

काशीदनंतर छोटे चढ आहेत, मग मुरुड. इथे एक सूचना. मुरुड दोन आहेत. हे जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यातलं. दुसरं दापोली तालुक्यातलं, ते तीन दिवसांनी येतं. ऑनलाईन खोली बुक करताना कितीतरी जण चुकीच्या मुरुडात पैसे भरून बसले आहेत.

दुसरा दिवस : मुरुड ते हरिहरेश्वर, सुमारे ६५ किमी

सकाळी लवकर राजपुरीला जाऊन शिडाच्या होडीने जंजिरा बघून घ्यावा. बावीस एकरांचा किल्ला, एकोणीस बुरूज, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. सिद्दींचा हा किल्ला ना मराठ्यांना मिळाला, ना पोर्तुगीजांना, ना इंग्रजांना लढून घेता आला. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं तेव्हाच तो सिद्दींच्या हातून गेला. त्याला शह म्हणून महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग समोर समुद्रात दिसतो.

आगरदांड्याहून बोटीने दिघी, तिथून चढ चढून दिवेआगर. दिवेआगरला १९९७ साली सुपारीच्या बागेत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ साली तो चोरीला गेला, आणि २०२१ मध्ये नव्याने घडवलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. मुखवटा गेला त्या काळात गावातल्या खानावळी कशा ओस पडल्या होत्या, ते तिथले लोक अजून सांगतात. एका देवस्थानावर गाव किती अवलंबून असतं ते तेव्हा दिसलं.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडी–आरावीचा रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. सात दिवसांतला सर्वात देखणा तुकडा कोणता, यावर दोन सायकलवाल्यांचं एकमत होत नाही, पण बरेच जण हाच सांगतात. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांची स्फोटकं याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. आज तिथे फक्त लाटांचा आवाज असतो. सावली मात्र नाही, दुपारी बारा ते तीन टाळावं.

श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. इथली रोठा सुपारी बाजारात नावाजलेली. तिथून वीसेक किलोमीटरवर हरिहरेश्वर. प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या खडकांवरून जाते. भरतीला तिकडे जाऊच नये, लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत.

तिसरा दिवस : हरिहरेश्वर ते हर्णै, सुमारे ६० किमी

बागमांडल्याहून सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा आणि मंडणगड तालुका. बाणकोटचा किल्ला १७५६ पासून इंग्रजांकडे होता, ते त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे, पण ते आत डोंगराकडे. सायकलने जायचं तर एक दिवस वाढवावा.

बाणकोटच्या पुढे वेळास. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, पण आज ते कासवांचं गाव म्हणून ओळखलं जातं, आणि ही गोष्ट वाटेतल्या प्रत्येक गावाने ऐकण्यासारखी आहे. पूर्वी किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी घालून गेली की ती अंडी उकरून खाल्ली किंवा विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावातल्या तरुणांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत पुरायची, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची. पुढे लोक बघायला यायला लागले. गावात हॉटेल नव्हतं, म्हणून माणसं घरात उतरली. पडवीत गाद्या, चुलीवरचं जेवण, सकाळी पोहे. कासव महोत्सव फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला असतो. वेळासला मोठं हॉटेल बांधायला कोणाकडे पैसे नव्हते, तेच गावाच्या पथ्यावर पडलं. पैसा एका मालकाकडे न जाता घराघरांत वाटला गेला. उकडीचे मोदक करणाऱ्या बाईपासून किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांचा त्यात हात लागतो.

केळशीची खाडी ओलांडायला रस्ता आत पूर्वेकडे वळसा घेतो, इथे अंतर वाढतं आणि वैतागही. केळशीत महालक्ष्मीचं देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा. पुढे आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. नावातच कडा आहे, सायकल खाली ठेवून चालत गेलेलं बरं.

हर्णैला संध्याकाळचा मासळी लिलाव गाठता आला तर दिवसाचा शिणवटा जातो. होड्या किनाऱ्याला लागतात, पाण्यात उतरलेल्या बैलगाड्यांतून मासळी येते आणि वाळूवरच बोली लागते. समोर सुवर्णदुर्ग, हा आंग्र्यांकडून १७५५ साली इंग्रजांनी पेशव्यांशी संधान बांधून घेतला.

चौथा आणि पाचवा दिवस : हर्णै ते गुहागर, गुहागर ते गणपतीपुळे

दोन्ही दिवस साधारण साठ-साठ किलोमीटरचे. हर्णैनंतर दुसरं मुरुड, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं. मग कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे. समुद्र सतत उजव्या हाताला, पण चढ-उतार पाय मोडणारे. कोळथरे ते दाभोळ या तुकड्यात दुकानं कमी आहेत, पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात.

दाभोळ एकेकाळी मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंचं आणि घोड्यांच्या व्यापाराचं मोठं बंदर. धक्क्याजवळची आदिलशाही काळातली दगडी मशीद बोटीची वाट बघता बघता पाहून होते. पलीकडे धोपावे, वेलदूर, अंजनवेल. 'एन्रॉन' म्हणून गाजलेला दाभोळ वीज प्रकल्प प्रत्यक्षात दाभोळात नाहीच, तो इकडे गुहागर तालुक्यात आहे. गुहागरात व्याडेश्वराचं दर्शन आणि सुरूच्या बनामागचा लांबच लांब किनारा.

पाचव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळची बोट. हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळी बघायची, खडकाच्या फटीतून पाणी उंच उसळतं. अंतर ठेवूनच उभं राहावं. जयगडला उतरल्यावर बंदर आणि वीज प्रकल्पामुळे ट्रक लागतात, तेवढा टप्पा एका ओळीत, कडेने जावं. पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक. गंमत अशी की केशवसुत आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले दोघेही १८६६ चे, आणि गोखल्यांचं जन्मगाव कोतळूक हे याच दिवशी मागे टाकलेल्या गुहागर तालुक्यातलं. गणपतीपुळ्याला राहायला भरपूर सोय, पण शनिवार-रविवार आणि संकष्टी-अंगारकीला एकही खोली मिळत नाही. तेव्हा मालगुंडातच थांबावं.

सहावा दिवस : गणपतीपुळे ते कशेळी–आडिवरे, सुमारे ६५ किमी

आरे-वारेचा रस्ता फोटोवाल्यांनी प्रसिद्ध केला आहे, आणि तो खरोखर तसाच आहे. वळणावर सेल्फीसाठी गाड्या मध्येच थांबतात, उतारावर सायकलचा वेग आवरावा.

रत्नागिरीत बघायचं म्हटलं तर दिवस जाईल. लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी पकडून इथे आणलं. राजवाडा १९१० साली बांधून झाला, १९१६ साली राजा गेला. समुद्रापार राज्य करणारा माणूस आयुष्याची तीस वर्षं कोकणात परका म्हणून राहिला.

सायकलचं काही मोठं काम असेल, गिअरची तार, डिस्कचे पॅड, तर ते रत्नागिरीतच उरकावं. पुढे विजयदुर्गपर्यंत तसं दुकान मिळणं कठीण. भाट्याचा पूल ओलांडून पावस, स्वामी स्वरूपानंदांचा मठ. मग पूर्णगड, गावखडी, कशेळीचं कनकादित्य म्हणजे सूर्यमंदिर आणि आडिवऱ्याची महाकाली. हा पट्टा सगळ्यात शांत आहे. पर्यटक रत्नागिरीहून मागे फिरतात. राहण्याची सोय थोडी आहे, म्हणून आदल्या दिवशी फोन करून ठेवावा. इथल्या गावांना सायकलवाल्यांचा फायदा सर्वात जास्त होऊ शकतो आणि आज सर्वात कमी होतो.

सातवा दिवस : आडिवरे ते विजयदुर्ग, सुमारे ७० किमी

नाटे, जैतापूर. माडबनच्या सड्यावर नियोजित अणुऊर्जा प्रकल्पाची जागा, ज्यावरून मोठं आंदोलन झालं. वाघोटन खाडीचा पूल गाठायला रस्ता बराच पूर्वेला जातो, मग पडेल, मग पुन्हा पश्चिमेला विजयदुर्ग. समोर दिसणाऱ्या गावासाठी एवढा फेरा म्हणजे शेवटच्या दिवशी पायांची परीक्षाच.

विजयदुर्गच्या तटात उभं राहिलं की आंग्र्यांचं आरमार म्हणजे काय होतं ते कळतं. १७५६ साली इंग्रज आणि पेशवे एकत्र येऊन त्यांनी ते आरमार इथेच जाळलं. आपल्याच हाताने आपलं आरमार बुडवल्याची ही जागा. किल्ल्यावरचा 'साहेबाचा कट्टा' दाखवून १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात हेलियमचा शोध इथे लागला असं सांगतात, त्या तारखेला गावात हेलियम दिवसही साजरा होतो. पाहुण्याला सांगताना थोडं जपून सांगावं. त्या ग्रहणाचा वेध घेणारा जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकयर इंग्लंडात. कट्टा मात्र बघण्यासारखा आहे.

ज्यांच्या हाताशी आणखी दोन दिवस आहेत त्यांनी देवगड, कुणकेश्वर, आचरा करत मालवण आणि सिंधुदुर्ग गाठावा. सातच दिवसांत मालवण करायचं म्हणून काही जण रोज शंभर किलोमीटर मारतात. त्यांना रस्ता आठवतो, गावं आठवत नाहीत.

वाटेतल्या गावाने काय ठेवावं?

सायकलवाल्याला एसी लागत नाही. त्याला लागतं ते असं : आंघोळीला गरम पाणी, सायकल आत ठेवायला पडवी किंवा कुलूप लागणारी खोली, मोबाईल चार्जिंगचा बोर्ड, रात्री आठच्या आत जेवण, आणि सकाळी साडेसहाला न्याहारी. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सकाळी नऊला पोहे देणाऱ्या घरी तो दुसऱ्यांदा येत नाही, कारण नऊपर्यंत त्याला वीस किलोमीटर पुढे जायचं असतं. घावणे, आंबोळी, उकडीचा भात, माशाचं कालवण, सोलकढी हे घरात रोज होतं तेच द्यावं. शहरातलं पनीर इथे कोणी मागत नाही. महिला सायकलस्वारांची संख्या वाढते आहे. स्वच्छ, आतून कडी लागणारं संडास-बाथरूम असलेल्या घराचं नाव त्या एकमेकींना सांगतात.

घरात पाहुणे ठेवायचे असतील तर पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करता येते. गुगल मॅपवर घराची जागा टाकणं फुकट आहे, मुलं दहा मिनिटांत करून देतील.

पंक्चरवाल्यांसाठी एक गोष्ट. महागड्या सायकलींच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक असतो, मोटरसायकलची हवा त्यात थेट जात नाही. त्याला पितळेचा छोटासा जोड मिळतो. तो दुकानात दोन-चार ठेवले आणि बाहेर पाटी लावली, तर अडलेला माणूस शोधत येईल.

निघणाऱ्यांनी हे बघावं

दोन ट्यूब, पंप, साखळीचं तेल, मागचा लाल दिवा. अंधारात सायकल चालवू नये, वळणावर गुरं बसलेली असतात. जांभ्याची लाल खडी पसरलेल्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की माणूस तोंडावर पडतो. बहुतेक अपघात असेच होतात, गाडीच्या धडकेने नाही. रोज संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने पुसावी. देवळात जाण्यासाठी पिशवीत लुंगी किंवा पायजमा असावा, गावाला तोकडी चड्डी खटकते. खाड्यांच्या उतारावर मोबाईलला रेंज जाते, तिथे यूपीआय चालत नाही, म्हणून सुट्टे पैसे हवेत. अँब्युलन्सला १०८. ग्रामीण रुग्णालयं तालुक्याच्या गावी आहेत.

परतीला विजयदुर्गहून तळेरेमार्गे कणकवली किंवा वैभववाडी रेल्वे स्टेशन. एसटीला टप असेल तर कंडक्टरला विचारून सायकल वर बांधता येते, पण नव्या गाड्यांना टप नसतो. रेल्वेत सायकल पार्सलच्या डब्यातून जाते. स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, तेवढ्यात चढवणं जमत नाही म्हणून पार्सलची सोय आहे का हे एक दिवस आधी विचारावं. नाहीतर दोन्ही चाकं काढून सायकल पोत्यात गुंडाळावी आणि पेडल सुटं करून पिशवीत टाकावं. त्यासाठी पंधरा नंबरचा पाना लागतो, तो घरून निघतानाच घ्यावा.